काळी रिंग, लाल तेल

घरी बांधलेल्या छोट्या विमानाच्या ब्रेकमध्ये कोणते ऑइल भरावे, हा प्रश्न वस्तुतः तेलाचा नसून रबराचा आहे. या छंदात मुरलेल्या कोणालाही ते ठाऊक असते, तरी वाद मात्र नेहमी डब्यावरच्या नावावरूनच रंगतो. मास्टर सिलिंडरमधल्या आणि कॅलिपरमधल्या पिस्टनभोवती बसणारी ओ-रिंग, म्हणजे तेल गळू न देणारे रबराचे कडे, नायट्राइल रबराची असेल तर तिला खनिज तेल मानवते आणि मोटारीचे ग्लायकोलयुक्त ब्रेक ऑइल बाधते; ती ईपीडीएम या रबराची असेल तर नेमके उलट घडते, खनिज तेलात ती फुगते, मऊ पडते आणि पिस्टनला जागीच जखडून ठेवते. अडचण अशी की दोन्ही रिंगा काळ्याच असतात आणि सुट्या हातात आल्या की डोळ्यांना त्यांतला भेद कळत नाही.

तेलाचा रंगही या कामी उपयोगाचा नाही. हलक्या विमानांच्या ब्रेकमध्ये दीर्घकाळ प्रमाण मानले गेलेले, अमेरिकी लष्कराच्या मिल-एच-५६०६ या मानकाचे खनिज तेल लाल रंगवलेले असते. सहज पेट न घेणारा पर्याय म्हणून त्यानंतर आलेले ८३२८२ या मानकाचे कृत्रिम हायड्रोकार्बन तेलही लालच असते. आणि मोटारीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये भरले जाणारे ट्रान्समिशन ऑइलही बहुधा लालच असते. चाकाखाली दिसणारा लाल थेंब गळती झाल्याचे सांगतो, परंतु काय गळते आहे ते सांगत नाही.

या पेचाचे पूर्ण रूप बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझी या विमानात पाहावयास मिळते. १९७९ साली प्रथम उडालेले हे दोन आसनी विमान फोम, काचतंतू आणि इपॉक्सी यांपासून, नकाशांवरून घरी बांधण्यासाठी योजलेले होते. त्याचे पुढचे चाक पेडलला जोडलेले नसून स्वैर फिरते, त्यामुळे पंखांच्या टोकांवरची सुकाणू-पृष्ठे प्रभावी होण्याइतका वेग येईपर्यंत एका बाजूचा ब्रेक दाबूनच वळावे लागते. आडवा वारा असताना धावपट्टीपर्यंतचे लांब अंतर कापायचे झाले, तर एकच ब्रेक सतत दाबला जातो आणि त्याची उष्णता चकतीतून पॅडमध्ये, पॅडमधून पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून थेट त्या काळ्या रिंगेपर्यंत पोहोचते. चाकाला धरणारा पाय काचतंतूंचा असल्याने त्याला उष्णतारोधक आवरण द्यावे लागते आणि मूळ आराखड्यातली नायलॉनची ब्रेक-नळी कॅलिपरजवळ धातूची करून घेणारे बांधणारे पुष्कळ आहेत. रिंगेला मात्र आवरणही देता येत नाही आणि ती धातूचीही करता येत नाही.

५६०६ चा प्रज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान, मानकानुसार किमान ८२ अंश सेल्सिअस असतो आणि ८३२८२ चा किमान २०५ अंश. तापलेल्या चकतीवर तेल सांडण्याची शक्यता गृहीत धरली, तर दुसऱ्याचीच निवड व्हावी हे उघड वाटते. परंतु नायट्राइल रिंग साधारण १३५ अंशांपर्यंतच तग धरते, त्यामुळे ८३२८२ भरलेल्या ब्रेकमध्ये तेल शाबूत असतानाच रिंग हार मानते. तेल बदलल्याने आगीचा धोका घटतो, गळतीचा मात्र होता तेवढाच राहतो. व्हायटॉन या फ्लोरिनयुक्त रबराची रिंग सुमारे २०० अंश सोसते, म्हणून ती बसवावी असे म्हणावे, तर कडाक्याच्या थंडीत ती ताठरते आणि मिनेसोटातल्या जानेवारीत उबेविना उभ्या असलेल्या विमानाखाली पुन्हा तोच लाल थेंब दिसू लागतो. शिवाय उणे ४० अंशांच्या आसपास ८३२८२ स्वतःही ५६०६ पेक्षा बरेच दाट होते. दोन्ही तेले एकमेकांत मिसळतात खरी, परंतु नळीत उरलेले थोडेसे ५६०६ नव्या तेलाचा प्रज्वलनांक खाली ओढते, त्यामुळे निवड बदलायची तर सगळी व्यवस्था रिकामी करून धुवावी लागते. मोजावेच्या वाळवंटात जी जोडी शहाणपणाची, ती उत्तरेकडच्या हँगरमध्ये आडमुठेपणाची ठरते.

मोटारीच्या तेलाचे समर्थक डॉट-४ च्या किमान २३० अंशांच्या उत्कलनबिंदूचा दाखला देतात, परंतु ते हवेतली आर्द्रता शोषते आणि ओलावल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो, याची आठवण त्यांना क्वचितच होते. ते रंग विरघळवते, हे तर विमान रंगवून झाल्यावरच कळते. डॉट-५ हे सिलिकोन तेल आर्द्रता शोषत नाही, पण हवेचे बुडबुडे धरून ठेवते आणि पेडल स्पंजासारखे दबते. ट्रान्समिशन ऑइलवाल्यांचा युक्तिवाद एकच, की इतकी वर्षे चालले आहे. रिंग नायट्राइलची असल्यामुळेच ते चालले, हे मान्य करणे त्यांना कमीपणाचे वाटते. अमेरिकी हवाई प्रशासनाच्या नियमानुसार विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने स्वतः घडवावा लागतो, परंतु अलीकडच्या संचांमध्ये कॅलिपर जोडूनच येतो, त्यामुळे आपण बांधलेल्या विमानात कोणत्या रबराची रिंग आहे हे न पाहताच उडणाऱ्यांची पिढी तयार झाली आहे, असे जुन्या कारागिरांचे मत आहे. प्रस्तुत लेखकही त्याच मताचा आहे, आणि त्या मतात वयाचा कडवटपणा किती आहे हे तपासण्याची त्याला घाई नाही.

या लेखकाची एक प्रौढी मात्र नोंदवणे आवश्यक आहे. अंगठा आणि तर्जनी यांमध्ये रिंग फिरवून ती नायट्राइलची की ईपीडीएमची हे सांगता येते, असा लौकिक त्याने मिळवला होता, आणि तो वाढू देण्यात त्याला संकोच वाटला नव्हता. वयोमानाने बोटांची जाण बोथट झाली, तेव्हा निवडीतली अचूकता कमी होईल अशी त्याची अपेक्षा होती. ती कमी झाली नाही. कारण पुढे एका शिकाऊ मुलीने सहज विचारलेल्या प्रश्नातून उघड झाले, की रिंग बोटांत घेण्यापूर्वी पाकीट नेहमीच वाचलेले असे: त्यावरचा एमएस-२८७७५ हा नायट्राइल रिंगांचा क्रमांक आणि रबर कोणत्या तिमाहीत पक्के केले ती नोंद. पाकीट नसलेली रिंग हाती आली, तर ती काही दिवस बाटलीत खनिज तेलात बुडवून फुगते का ते पाहिले जाई आणि निकाल लागल्यावरच बोटांचे प्रदर्शन होई. त्या मुलीने आता पाकिटाखेरीज आलेली रिंग सरळ केराच्या डब्यात टाकण्याचा नियम केला आहे, आणि तो नियम अधिक चांगला आहे. तरीही हँगरमध्ये पाहुणे आले की लेखक रिंग बोटांत फिरवतोच, आणि ती हसू आवरून पाकीट पाठीमागे धरते.