एन म्हणजे कसारा

मध्य रेल्वेच्या इंडिकेटरवर गाडीचं अख्खं नाव वाचत कुणी थांबत नाही, लोक अक्षर बघतात आणि पळतात. के म्हणजे कल्याण, ए म्हणजे अंबरनाथ, इथवर ठीक आहे. पण एन म्हणजे कसारा आणि एस म्हणजे कर्जत. कसाऱ्यात एन कुठून आला, हे लहानपणी मला पडलेलं मोठं कोडं होतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, “एन म्हणजे आपली गाडी.” या उत्तराने त्यांचं भागत होतं.

उत्तर मला इंजिनिअरिंगला असताना मिळालं. कल्याणच्या पुढे मध्य रेल्वेला दोन फाटे फुटतात. एक ईशान्येला, आसनगाव-कसाऱ्याकडे. दुसरा आग्नेयेला, बदलापूर-कर्जतकडे. नॉर्थ-ईस्टचा एन, साउथ-ईस्टचा एस. इतकं साधं. पण मग पुढचा प्रश्न आला, की फाटे कल्याणलाच का फुटतात? आणि तो वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की आम्ही आसनगावला का राहतो याचंही उत्तर तिथेच आहे.

१८४३ साली मुंबई सरकारचे इंजिनिअर जॉर्ज क्लार्क भांडुपला गेले होते, तिथे त्यांना या रेल्वेची कल्पना सुचली असं सांगतात. कल्पना अशी की मुंबई ठाण्याला, कल्याणला आणि पुढे थळ आणि बोर या दोन्ही घाटांना जोडायची. म्हणजे पहिली गाडी धावायच्या दहा वर्षं आधी कल्याणचा फाटा कागदावर होता. घाटावरचा कापूस बंदरात यावा आणि बंदरातला माल वर जावा, ही त्यामागची निकड. रोज सकाळी डबा घेऊन निघणारा आणि रात्री भाजी घेऊन परतणारा चाकरमानी त्या आराखड्यात कुठेच नव्हता. तो नंतर येऊन त्यात बसला. खरं म्हणजे उभा राहिला.

१६ एप्रिल १८५३ची बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी सगळ्यांना पाठ असते. चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, एकवीस तोफांची सलामी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या पहिल्या संचालकांत नाना शंकरशेट होते, हेही शाळेत घोकलेलं असतं. पुढचं मात्र कुणी घोकत नाही, कारण ते ‘पहिलं’ नाही. १८५४ साली गाडी कल्याणला पोचली. १८५५ला वाशिंद. मग काम अडलं. पाच वर्षं वाशिंद हे त्या फाट्याचं शेवटचं स्टेशन होतं. १८६० साली आसनगाव, १८६१ला कसारा, आणि १८६५ला थळ घाट चढून इगतपुरी. दुसऱ्या बाजूला १८५६ सालीच खोपोली गाठली होती, पण बोर घाट चढायला १८६३ उजाडलं, आणि त्या घाटात हजारो मजूर मेले. तिथल्या कंत्राटदाराचा, सॉलोमन ट्रेडवेलचा, मृत्यू झाल्यावर त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, ते काम हातात घेऊन पुरं करवून घेतलं. यावर खरं तर वेगळा लेख व्हायला हवा.

पश्चिम रेल्वेचा इतिहास निराळा आहे. १८६७ साली विरारहून बॅकबेला दिवसातून एक गाडी यायची, तिथपासून तो सुरू होतो. तो पश्चिमवाल्यांपैकी कुणी लिहावा. आमच्या बाजूला त्यांच्याबद्दल थोडी असूया असते.

तर, आम्ही आसनगावचे. मूळचे नव्हे. बाबा सिन्नरकडचे, मुंबईत लालबागला काकांच्या खोलीत राहायचे आणि फोर्टातल्या एका कंपनीत कारकून होते. लग्न झाल्यावर त्या खोलीत मावणं शक्य नव्हतं. ठाणं परवडेना, डोंबिवली परवडेना, कल्याणही परवडेना. असं एकेक स्टेशन मागे सरकत १९८९ साली ते आसनगावला थांबले, मुंबईपासून सुमारे ८५ किलोमीटरवर. तिथे परवडलं, आणि तिथून लोकल होती. लोकल होती कारण सव्वाशे वर्षांपूर्वी कुणाला तरी थळ घाट गाठायचा होता.

बाबा तिथून एकतीस वर्षं फोर्टात गेले. सकाळी सव्वासहाच्या सुमाराची लोकल, रात्री आठ-साडेआठला घरी.

कल्याणच्या अलीकडच्या लोकांना आमच्या बाजूचं दुखणं चटकन कळत नाही. कल्याणपुढे कसाऱ्याकडे दोनच मार्ग आहेत, एक जाणारा आणि एक येणारा. त्याच रुळांवरून मेल, एक्सप्रेस, मालगाड्या आणि आमच्या लोकल. मेलला वाट द्यायची म्हणून लोकल बाजूला उभी. तिसऱ्या मार्गाचं काम चालू आहे, हे वाक्य मी बरीच वर्षं ऐकतोय. एक गाडी चुकली की दुसरी दहा मिनिटांत येत नाही, कधी कधी तासभर थांबावं लागतं. त्यामुळे कसारा लाईनवर माणसं घड्याळ बघत नाहीत, गाडी बघतात. आमच्या शेजाऱ्यांच्या घरी दूध तापवायची वेळसुद्धा एका लोकलवर ठरलेली होती.

मी २०१८ साली नोकरीला लागलो, ऐरोलीला. आसनगावहून ठाण्यापर्यंत एन, आणि तिथून वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्सहार्बर. सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे या व्यवस्थेकडे मी आमच्या धंद्याच्या नजरेने बघायचो आणि मला तिचं खरोखर कौतुक वाटायचं. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे सगळं उपनगरी जाळं त्याच विजेवर वाढलं. मग ते २५,००० व्होल्ट एसीवर न्यायचं ठरलं. पश्चिम रेल्वेवर हे २०१२ साली संपलं आणि हार्बरवर शेवटची डीसी लोकल एप्रिल २०१६मध्ये धावली. मधली सगळी वर्षं रोज सत्तर-पंचाहत्तर लाख माणसं येत-जात होती, आणि काम रात्रीच्या तीन-चार तासांत आणि रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये चाललं होतं. आमच्या ऑफिसात एक डेटाबेस हलवायचा तर शनिवारची अख्खी रात्र साइट बंद ठेवून, वर पिझ्झा मागवतात.

२०१९च्या दिवाळीत मी जेवताना बाबांना एक हिशेब करून दाखवला. वर्षाला २८० दिवस, एकतीस वर्षं, रोजचे गाडीतले चार तास. ३४,७२० तास. म्हणजे जवळजवळ चार वर्षं, दिवसरात्र धरून. अंतर पावणेपंधरा लाख किलोमीटर, चंद्रापर्यंत दोनदा जाऊन दोनदा परत यायला थोडंच कमी. मला हा आकडा भन्नाट वाटला होता. मी वर असंही म्हणालो, “चार वर्षं वाया गेली तुमची, बाबा.”

बाबा काही बोलले नाहीत. ताटातला भात संपवला, हात धुतला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आई म्हणाली, “तुला कुणी सांगितलं होतं मोजायला?”

ते ३० एप्रिल २०२०ला निवृत्त होणार होते. गाडीतल्या मंडळींनी निरोपाचा बेत आखला होता. डब्यात पेढे, हार, त्या दिवशी भजन ठाण्यापर्यंत न थांबवता मुंबईपर्यंत, असं बरंच काही. २२ मार्चच्या रात्रीपासून लोकल बंद झाल्या. जूनमध्ये सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी, आणि खासगी कंपनीतला कारकून त्यात बसत नव्हता. कंपनीने कागदपत्रं कुरिअरने पाठवली. बाबांचा शेवटचा प्रवास होऊन गेला होता, पण तो शेवटचा आहे हे त्यांना त्या शनिवारी माहीत नव्हतं.

या मंडळींबद्दल थोडं सांगायला हवं. एकमेकांना ते नावाने हाक मारत नसत, स्टेशनाने मारत. बाबा म्हणजे आसनगाववाले. एक वाशिंदचे काका, एक टिटवाळा (हा वयाने लहान, म्हणून नुसता टिटवाळा), आणि एक खर्डीवाले. खर्डीवाले सगळ्यांत मागून यायचे, त्यामुळे सकाळी त्यांना बसायला मिळायचं. शेजारच्या जागेवर ते रुमाल टाकून ठेवत. आसनगावला बाबा चढले की रुमाल उचलत. खर्डीवाले भायखळ्याला उतरायचे. संध्याकाळी हिशेब उलटा. बाबा सुरुवातीच्या स्टेशनात चढून जागा धरत आणि भायखळ्याला रुमाल उचलत. कितीतरी वर्षं हे असं चाललं होतं. भजनात टाळ खर्डीवाल्यांचे. गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की आवाज घुमायचा, म्हणून शेवटचा गजर बोगद्यासाठी राखून ठेवलेला असायचा. (१९१६चा तो सव्वा किलोमीटरचा बोगदा. २०२२पासून फास्ट लोकल त्यातून जात नाहीत, कळवा-मुंब्र्याच्या बाजूने जातात. बोगदा मेलगाड्यांना दिलाय.)

या डब्याचं मी गोडगोड चित्र काढू इच्छित नाही. याच गाड्यांना लटकून माणसं मरतात. जून २०२५मध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकणारे प्रवासी पडले, तेव्हा मी ठाण्यात भाड्याच्या घरात बसून बातमी वाचत होतो आणि ते वळण मला डोळ्यांपुढे लख्ख दिसत होतं, कारण तिथे मीही लटकलेलो आहे. मुंबईचं स्पिरिट वगैरे म्हणणाऱ्याने एकदा सकाळी कल्याणला फास्ट गाडीत चढून दाखवावं. तरीही बाबा त्या डब्यात एकतीस वर्षं नुसते सहन करत बसले नव्हते, हे मला उशिरा कळलं.

१५ ऑगस्ट २०२१पासून दोन डोस झालेल्यांना लोकल खुली झाली. पण साधं तिकीट मिळत नव्हतं, फक्त महिन्याचा पास. बाबांनी आसनगाव ते मुंबई पास काढला. आई म्हणाली, “अहो, नोकरी संपली तुमची. पास कशाला?” “एकदा जाऊन येतो,” बाबा म्हणाले. एका दिवसासाठी महिन्याचा पास. सकाळी तोच शर्ट, तीच बॅग, आईला डबासुद्धा करायला लावला.

गाडीत त्यांच्या नेहमीच्या जागेवर दुसरेच कुणीतरी होते. रुमाल कुठेच नव्हता. बाबा उभे राहिले. वाशिंदला काका चढले, त्यांनी बाबांना बघितलं आणि पहिलं वाक्य तेच बोलले. खर्डीवाले एप्रिलमध्ये गेले. करोनाने. काकांनाही ते खर्डीच्या कुणाकडून तरी जुलैत कळलं होतं. खर्डीवाल्यांकडे साधा फोन, ते व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर नव्हते.

बाबा दुपारीच परतले. फोर्टात गेलेच नाहीत, दादरला उतरून परतीची गाडी पकडली. संध्याकाळी मला म्हणाले, “त्यांचं नाव माहीत नाही रे मला. कसं भेटायला जायचं?”

नोव्हेंबरात, साधी तिकिटं पुन्हा मिळायला लागल्यावर, एका रविवारी आम्ही दोघं निघालो. आसनगावहून आटगाव, थानशीत, खर्डी. तीन स्टेशनं. प्लॅटफॉर्मवर उभे असताना बाबा म्हणाले, “या बाजूची लोकल मी कधी पकडलीच नाही.” एकतीस वर्षांत ते आसनगावच्या पुढे लोकलने एकदाही गेले नव्हते. गावाला जायचं तर एसटीने. गाडीत ते खिडकीशी बसून प्रत्येक स्टेशनाचं नाव मोठ्याने वाचत होते.

खर्डीला रिक्षा स्टँडवर बाबांनी वर्णन सांगितलं. भायखळ्याला कामाला, गळ्यात माळ, टाळ वाजवायचे, सकाळची गाडी. रिक्षावाल्यांना कळेना. चहाच्या टपरीवाल्याला कळलं. “अंधारात चहा प्यायला यायचे, बिनसाखरेचा,” तो म्हणाला आणि त्याने घर सांगितलं.

दार काकूंनी उघडलं. बाबा नाव सांगायला लागले, पण त्यांनी मध्येच विचारलं, “तुम्ही आसनगाववाले का?”

बाबांना पुढे बोलता येईना. मीच हो म्हणालो.

काकूंनी पाणी आणलं, चहा केला. म्हणाल्या, घरी यायला रात्र व्हायची त्यांना, पण आल्यावर सांगायचे, आज आसनगाववाल्यांनी जागा धरली होती, बसून आलो. भिंतीवर फोटो होता, हार घातलेला, खाली नाव आणि तारखा. बाबा उठून फोटोजवळ गेले आणि चष्मा वर करून नाव वाचलं. आधी मनात, मग पुटपुटत. ते नाव मी इथे लिहीत नाही.

परतीची गाडी निघून गेली होती. खर्डीच्या बाकड्यावर आम्ही तासभर बसलो. एक मेल धडधडत गेली, मग एक मालगाडी.

“खर्डी ते भायखळा किती रे होईल?” बाबांनी विचारलं.

“शंभराच्या वर.”

“मग तुझ्या त्या हिशेबात त्यांची किती वर्षं?”

मी म्हणालो, ते कधीपासून जात होते हे माहीत असल्याशिवाय सांगता येणार नाही.

“ते मलाही माहीत नाही,” बाबा म्हणाले. “मी पहिल्या दिवशी चढलो तेव्हा ते बसलेले होते. सरकून जागा दिली त्यांनी.”