कॉरिबवरच्या माश्या

माशी ही हाकलण्याची वस्तू, एवढेच आपण जाणतो. परंतु आयर्लंडच्या पश्चिमेस, गॉल्वे परगण्यातील ऊटरार्ड गावी माणसे माश्या पैसे मोजून विकत घेतात, डबीत रंगवार लावून ठेवतात, आणि आज कोणती चालेल यावर न्याहारीपासून वाद घालतात! या माश्या अर्थात खोट्या. बोटाच्या पेराहून लहान गळ. त्यावर लोकर, रेशीम आणि पिसे बांधलेली. त्यांत मोराच्या पिसाचा हिरवा तंतू असतो. हिंदुस्थानातून गेलेली कोंबड्यांची पिसेही या कामी वर्षानुवर्षे वापरली गेली आहेत.

हा सारा खटाटोप चालतो तो कॉरिब सरोवरातील ट्राउट माशासाठी. सरोवर सुमारे १७६ चौरस किलोमीटरचे. आयरिश प्रजासत्ताकात याहून मोठे दुसरे नाही. इथला ट्राउट तळ्यात आणून सोडलेला नव्हे. तो हिवाळ्यात ओढ्यांत चढून अंडी घालतो, पिले तिथेच वाढतात आणि मग सरोवरात उतरतात. अंगावर ठिपके, आणि स्वभावाने पक्का संशयी!

पद्धत मोठी गमतीची आहे. होडी वाऱ्याला आडवी सोडून द्यायची आणि वारा नेईल तिकडे जायचे. एकाच दोऱ्यावर तीन माश्या असतात. दोन पाण्याखालून येतात; वरची लाटेवर नाचत येते. तीन जागा आणि डबीत शंभर माश्या! आता निवडायच्या कोणत्या?

आपल्याकडे श्रावण-भाद्रपद चालू असतो, तेव्हा तिकडे उन्हाळा उतरणीला लागलेला असतो. मे महिन्यात माशांवर चैन उडविणाऱ्या मेफ्लायचे दिवस केव्हाच सरलेले असतात. भर दुपारी ऊन स्वच्छ पडले की मोहरीएवढे जलजीव खोल उतरतात आणि ट्राउटही त्यांच्यामागे जातो. अशा वेळी खरी माशी हुबेहूब उठवण्यात अर्थ नसतो. नारिंगी किंवा सोनेरी, नजरेत भरेल अशी माशी जरा खोलवरून ओढायची. आभाळ भरून आले, लाट उठली, की गडद रंग काढायचे. अशा दिवसासाठी 'क्लॅरेट बंबल' ही लाल मद्याच्या रंगाची, गळ्याशी निळे पीस असलेली माशी नामांकित आहे. ती बसविणारे किंग्समिल मूर पेशाने न्यायमूर्ती होते. पिसांतून उजेड आरपार दिसला पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष. त्यांचे मासेमारीवरील पुस्तक १९६० साली निघाले आणि अजूनही आवडीने वाचले जाते.

ऑगस्ट सरताना वारा काठच्या गवतातून लांब तंगड्यांचे 'डॅडी' आणि नाकतोडे पाण्यावर आणून टाकतो. मग लांब काठीला हलकासा रेशमी दोरा बांधून तो वाऱ्यावर सोडायचा आणि टोकाचा किडा लाटेला नुसता टेकवत राहायचा. दिवेलागणीला मात्र राज्य 'ग्रीन पीटर'चे! ही पतंगासारखी हिरवट माशी. हिची अळी पाण्यात पानांचे तुकडे जोडून घर करते आणि उन्हाळी संध्याकाळी वर येऊन माशी होते. ती पाण्यावरून लगबगीने धावू लागली की एरवीचा संशयी ट्राउट सारे भान विसरून झडप घालतो. त्या अर्ध्या तासात वरच्या जागी ग्रीन पीटर बांधलेली असली म्हणजे झाले.

म्हणजे ही डबी नुसती खेळण्याची पेटी नव्हे. सरोवरात कोण, केव्हा, कुठे जगते याची ती रोजनिशीच होय. आणि तिची पाने कोरी पडण्याची भीती खरी आहे. २००५ साली कॉरिबच्या एका उपसागरात आफ्रिकेतली कुरळी पाणवनस्पती सापडली. ही वनस्पती पूर्वी घरच्या मत्स्यपात्रासाठी आणि बागेतल्या हौदासाठी विकली जात असे. ती उथळ पाण्यात दाट गालिचा पसरते, खालच्या वनस्पतींचा उजेड तोडते, आणि तिथले सारे जीवन बदलून टाकते. यंत्राने कापली तर तुकड्यांतून पुन्हा फुटते. शेवटी उपाय सापडला तो आपल्या चांगल्याच ओळखीचा: तागाचे कापड, म्हणजे गोणपाटाचाच भाऊबंद! सरोवराच्या तळावर ते अंथरले. त्याखाली परकी वनस्पती गुदमरून मेली, तर विणीतून मूळच्या वनस्पती वर आल्या. कापड पुढे आपोआप कुजून जाते. तरी एवढ्या मोठ्या सरोवरातून ही वनस्पती समूळ काही गेलेली नाही, आणि नवा उपद्रव येऊ नये म्हणून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात होडी नेताना ती धुऊन वाळवावी लागते.

ट्राउटचा हंगाम ३० सप्टेंबरला संपतो. मग डब्या बंद होतात आणि हिवाळाभर शेगडीपाशी नव्या माश्या बांधणे चालते. कसबी हातांना हुबेहूब ग्रीन पीटर बनविता येतो. पण पाण्यातल्या खऱ्याची जात टिकली तरच त्या नकलेला किंमत. एरवी ती टोपीला खोचण्याचे पीसच!