मळमळ गोळीची की फवाऱ्याची?

आजवरच्या सगळ्या गोळ्यांचा हिशेब सरळ होता. ताप आला, गोळी घेतली, ताप उतरला. मनाच्या आजाराची ही गोळी मात्र आधी त्रास देते आणि गुण मागून. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी मान डोलावली होती, पण अंगावर आल्याशिवाय ते कळत नाही.

घाटंजी तालुक्यात आमची कोरडवाहू शेती. पऱ्हाटी, मधे तुरीचं तास. मधल्या काळात झोप उडाली, घास घशाखाली उतरेना, बैलांपुढं वैरण टाकायचाही कंटाळा येऊ लागला. घरचे म्हणत, कर्जाचा घोर आहे, पीक आलं की जाईल. शेतकऱ्यांच्या मनाच्या आरोग्यासाठीचा प्रेरणा प्रकल्प सरकारनं २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत सुरू केला, त्यात यवतमाळही आहे. त्याची प्रश्नावली घेऊन आशाताई दारात आल्या. "भाऊ, झोप लागते का? जीव नकोसा वाटते का?" इतकं सरळ मला कोणी विचारलंच नव्हतं. मीही सरळ सांगून टाकलं. त्यांनीच यवतमाळच्या सरकारी दवाखान्याची वाट दाखवली.

चिठ्ठीवर दोन औषधं होती. एस्सिटॅलोप्रॅम, आधी पाच मिलिग्रॅम, पुढं दहा. रात्री झोपेसाठी अर्धी क्लोनाझेपाम, तीही थोडेच दिवस. गावात एकच ठाम मत आहे, "त्या गोयीची सवय लागते म्हणते बा." डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, सवय लागते ती झोपेच्या गोळीची, म्हणून ती लवकर बंद करू. दुसरीची ओढ लागत नाही, पण तीही एकदम सोडायची नाही. हळूहळू कमी करायची, नाहीतर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके. दारू दोन्हींबरोबर नको. आमच्याकडं मोहाची काय कमी, म्हणून त्यांनी हे दोनदा बजावलं.

मग ते माझ्या बायकोकडं वळले. फवारणीचे डबे घरात कुठं ठेवता? ती गोंधळली. आम्ही आलो मनाच्या आजारासाठी आणि हे शेतीचं विचारतात! डबे कुलपात ठेवा, किल्ली तुमच्याकडं. गोळ्यांची पाकिटंही तुमच्याचकडं, रोजची काढून द्यायची. औषधही थोडंथोडंच दिलं. तेव्हा मला अपमान वाटला. आज म्हणतो, त्या चिठ्ठीवरच्या दोन औषधांइतकाच कामाचा तो प्रश्न होता.

पहिला आठवडा नुसता विचित्र गेला. पोटात ढवळायचं, संडास पातळ, आणि जांभया अशा की समोरच्याला वाटावं मी त्याला कंटाळलोय. मन तर होतं तिथंच, उलट जीव जास्तच घाबरा होई. आई म्हणाली, "पोटात काई ठरत नाई, अन् म्हणे औषध! कायचं औषध होय हे?" तिच्यापुढं मी काय बोलणार?

त्यातच फवारणीचे दिवस. तोंडाला फडकं, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, तरी दुपारी घरी आलो तो घामानं निथळत, हात थरथरत, आणि दारातच ओकारी. बायको ओरडली, "यायले फवारा लागला वाट्टे!" तिचं घाबरणं साहजिक होतं. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २०च्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. तेव्हापासून या दिवसांत कोणी ओकला की आम्ही दुसरा विचारच करत नाही.

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी आधी कपडे उतरवून अंग साबणानं धुवायला लावलं. मग बॅटरी लावून डोळ्यांतल्या बाहुल्या पाहिल्या, लाळ गळते का, श्वास कसा, नाडी कशी. बायकोनं नशिबानं दोन्ही पाकिटं बरोबर आणली होती. ती पाहून त्यांचा चेहरा जरा सैलावला. फवारणीच्या काही कीटकनाशकांच्या विषबाधेत बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, माझ्या बाहुल्या ठीक होत्या. मळमळ, घाम, थरथर या गोळीनंही होतं. तरी त्यांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. गोळीचं की फवाऱ्याचं हे घरी बसून ठरवायचं नाही, असं त्यांचं स्पष्ट म्हणणं. ताप, अंगाला ताठा, भलती बडबड, असं दिसलं तर रातोरात यायचं.

तिथंच दुसरी गोष्ट कळली. कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून गोळी घ्यायची आमची जुनी रीत. ट्रामाडॉल एस्सिटॅलोप्रॅमबरोबर घातक ठरू शकते, आणि डायक्लोफिनॅक किंवा आयब्रुफेननं पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, तीही मापात. कुठल्याही डॉक्टरकडं गेलं की आधी पाकीट दाखवायचं.

तिसऱ्या आठवड्याच्या आसपास मळमळ ओसरली. पुढं एक दिवस लक्षात आलं की मी पोटभर जेवलो. एक त्रास मात्र राहिला, नवरा-बायकोमधला. तो मी कधीच बोललो नसतो. डॉक्टरांनीच पुढच्या भेटीत सहज विचारलं, जणू खोकला आहे का विचारतात तसं. हा त्रास पुष्कळांना होतो, मात्रा किंवा औषध बदलून बघता येतं, स्वतःहून बंद करायचं नाही, एवढं ऐकूनच निम्मं ओझं उतरलं.

मला उतार पडलेला पाहून पुतण्या मागं लागला. पोलीस भरतीत नापास झाल्यापासून खोलीतून बाहेर येत नव्हता. "काका, तुमच्यातल्या दोन गोया द्या ना मले." मी साफ नाही म्हटलं. पंचविशीच्या आतल्यांना ही औषधं सुरू करताना पहिल्या काही आठवड्यांत बेचैनी आणि जिवाचं वाईट करण्याचे विचार वाढू शकतात, म्हणून त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं. माझी मात्रा त्याला लागू पडायची नाही. तो दवाखान्यात यायला तयार नव्हता, म्हणून टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावून दिला. फुकट असतो, मराठीत बोलतात. दार लावून बराच वेळ बोलत होता. काय बोलला ते मी विचारलं नाही. पुढच्या खेपेला एसटीत माझ्याबरोबर बसला, एवढं खरं.

आईचा प्रश्न अजून तोच आहे, "आता बरा हायेस, मंग कायले खातं?" डॉक्टरांचं म्हणणं, बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने घ्यायची, मग मात्रा उतरवत न्यायची. पुढची तारीख ऐन वेचणीत पडते. मजूर मिळतील न मिळतील, पण पाकिटात त्या दिवसापर्यंत पुरतील एवढ्याच गोळ्या आहेत, तेव्हा जावं तर लागणारच.