पिस्तुलावरचा सिंह

खंडेनवमीला कोल्हापुरातल्या त्या घरात तलवार, दांडपट्टा आणि एक पिस्तूल पाटावर मांडले जाई. झेंडूची फुले वाहताना आजोबा सांगत, "हे शिवकाळातलं." नातवाने ते शाळेत असताना ऐकले, नोकरीला लागल्यावरही ऐकले.

शंका आली ती न्यू पॅलेसच्या संग्रहालयातली शस्त्रे निरखताना. शिवकाळात आपल्याकडची बंदूक मुख्यतः तोड्याची. जळती वात रंजकाला लावायची. घरातल्या पिस्तुलाच्या घोड्याला मात्र गारगोटी धरणारा जबडा होता. म्हणजे ते चकमकीचे.

त्याने तेलाच्या चिंधीने कळपट्टी हळूहळू पुसली. गंजाखालून मागच्या पायांवर उभा, पंजात मुकुट धरलेला सिंह दिसला. ईस्ट इंडिया कंपनीचा हा छाप 1808 पासूनचा. त्याआधी कंपनी बदामाच्या आकाराचे चिन्ह उठवी. नळीवर मुकुटाखाली 'जीपी' आणि मुकुटाखाली 'व्ही' अशी अक्षरे होती. नळीत जादा दारू भरून ती तपासल्याची ही लंडनची खूण. बर्मिंगहॅमचे तपासणीघर 1813 चे, त्याचे छाप वेगळे. बेल्जियममधल्या लीजचा छाप लंबगोलात 'ईएलजी' असा. नक्कल करणारे छापही उठवतात, पण त्यांची अक्षरे पुष्कळदा वेडीवाकडी, कधी उलटीसुद्धा असतात. इथली अक्षरे स्वच्छ होती.

"म्हणजे साहेबाचं?" आजोबांचा आवाज पडला.

त्यांना वाईट वाटणे स्वाभाविक होते, पण कमीपणा वाटण्याचे कारण नव्हते. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून 1875-76 च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सकडे गेलेली तलवार घ्या. शिवछत्रपतींची म्हणून नोंदलेल्या त्या तलवारीचे पातेही युरोपी आहे. मराठ्यांनी फिरंगी पाती पारखून घेतली, त्यांना आपली मूठ बसवली आणि ती गाजवली.

मग हे पिस्तूल घरात आले कसे? 31 जुलै 1857 च्या रात्री कोल्हापुरात 27 व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीचे शिपाई उठले. त्या धामधुमीशी नाते जोडण्याचा मोह कोणालाही होईल. पण पायदळाच्या शिपायाकडे लांब बंदूक असे, पिस्तूल असे घोडेस्वाराकडे. आणि घरात एका ओळीचाही कागद नाही. नातवाने वहीत एवढेच लिहिले: कंपनी सरकारचे, लंडनमध्ये तपासलेले, 1808 नंतरचे. पुढचे पान कोरे ठेवले. तो कोरेपणाच त्याच्या शोधातला सर्वांत प्रामाणिक भाग आहे.

आपल्याकडे असे जुने हत्यार असेल, तर दसऱ्याच्या सफाईत त्याला चिंच किंवा पॉलिश पेपर लावू नका. छाप एकदा घासला गेला की परत येत नाही. आधी जाणकाराला दाखवा आणि कायदाही बघा. 1959 च्या शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या जुन्या हत्यारांनाच आहे.