कोरे वर्तुळ

माझ्या कादंबऱ्यांत तडजोड करणारा माणूस कधीही सुखाने मरत नाही. हा शोध माझा नव्हे. कुणा टीकाकाराचाही नव्हे. तो लावला माझ्या भाचीने, आणि तोही सातासमुद्रापलीकडून, ऑक्टोबर २०२० मधल्या एका रात्री.

त्या दिवसांत शाळा बंद होत्या. मुलांनी फोनवरून पाठविलेल्या उत्तरपत्रिकांची छायाचित्रे तपासता तपासता माझे डोळे चुरचुरू लागले होते. इतक्यात तोच फोन वाजला.

“मामा, जागा आहेस ना? एक विचारायचंय.”

माझी थोरली बहीण लग्न होऊन अमेरिकेत गेली, त्याला तीस वर्षे होऊन गेली. भाचीचा जन्म तिकडचाच, मिशिगन राज्यातला. बहिणीने तिला मराठी शिकविले ते माझ्या कादंबऱ्या वाचून दाखवून. त्यात मराठीचे कितपत भले झाले हे मला सांगता येणार नाही, पण मला मात्र एक हक्काची वाचक मिळाली.

तिची मतपत्रिका टपालाने घरी आली होती. अशी घरबसल्या मत देण्याची मुभा मिशिगनमधल्या प्रत्येक मतदाराला २०१८ पासून आहे. उमेदवाराच्या नावापुढचे लंबट वर्तुळ शाईने भरायचे, लखोट्यावर सही करायची आणि तो धाडून द्यायचा. दोन मिनिटांचे काम. पण तो कागद नऊ दिवस जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बाटलीखाली पडून होता.

“बाकीची सगळी वर्तुळं भरली, मामा. सगळ्यांत वरचं तेवढं भरवत नाही.”

हे वरचे वर्तुळ राष्ट्राध्यक्षाचे. आणि त्याचा इतिहास चार वर्षांपूर्वीचा होता.

२०१६ साली भाची एकवीस वर्षांची होती. तिचे ते पहिलेच मत. व्हरमाँटचे सिनेटर बर्नी सँडर्स तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागत होते. प्रत्येकाच्या औषधपाण्याचा भार सरकारने उचलावा, सरकारी महाविद्यालयांत फी असू नये, असे ते सांगत. पिकल्या केसांच्या त्या म्हाताऱ्यामागे तरुण पोरे वेड्यासारखी धावत होती. भाचीही कडाक्याच्या थंडीत दारोदार हिंडली. मार्चमध्ये मिशिगनने साऱ्यांचे अंदाज खोटे ठरवून सँडर्सना कौल दिला. पण अखेर उमेदवारी मिळाली ती हिलरी क्लिंटन यांना. नोव्हेंबरमध्ये भाची मतदानाला गेली, खालची सारी वर्तुळे तिने भरली, आणि वरचे कोरे ठेवून परत आली.

हे कळताच मी तिला चार पानी पत्र लिहिले. “तू कोरी ठेवलेली जागा हीच तुझी खरी सही,” असे एक वाक्य त्यात होते. ते मला इतके आवडले की मी ते बायकोला दोनदा वाचून दाखविले.

ती म्हणाली, “छान आहे. पण निवडून कोण आलं?”

तो दिवस होता ९ नोव्हेंबर २०१६. आदल्या रात्री आपल्याकडे पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या होत्या. सारे गाव कपाटातल्या नोटा मोजीत होते आणि मी कोऱ्या वर्तुळाची स्तोत्रे गात होतो. दुपारपर्यंत डोनाल्ड ट्रम्प यांच्या विजयाची बातमी आली. मिशिगनमध्ये सुमारे ४८ लाख मतांत फरक पडला होता अवघ्या १०,७०४ मतांचा. आणि राष्ट्राध्यक्षाचे वर्तुळ कोरे ठेवणारे निघाले जवळजवळ ७५ हजार!

ते सारेच क्लिंटनबाईंचे मतदार होते असे थोडेच आहे? शिवाय एकटे मिशिगन उलटले असते तरी देशाचा निकाल बदलला नसता. हे गणित भाचीला तोंडपाठ होते. पण तोंडपाठ गणिताने माणसाला झोप येतेच असे नाही.

२०२० मध्ये सँडर्स पुन्हा उभे राहिले आणि ८ एप्रिलला पुन्हा मागे सरले. आता समोर होते जो बायडन. १९९४ चा गुन्हेविषयक कायदा पुढे रेटणाऱ्यांत ते अग्रभागी होते. त्या कायद्याने तुरुंग भरले, असा पुरोगाम्यांचा आरोप. इराकच्या युद्धाला संमती देणाऱ्या २००२ च्या ठरावाच्या बाजूने त्यांनी मत दिलेले. सर्वांसाठी सरकारी आरोग्यविम्याची कल्पना त्यांना मान्य नव्हती. त्याच उन्हाळ्यात मिनीॲपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली गुदमरून मेला. भाची डेट्रॉइटच्या मोर्चात घसा बसेपर्यंत ओरडली होती.

“ज्या कायद्याविरुद्ध मी रस्त्यावर ओरडले, तो करणाऱ्यालाच मत देऊ? बर्नी स्वतः म्हणतात, बायडनना द्या. डोक्याला पटतं, मामा. हाताला पटत नाही.”

मी मास्तर पडलो. मास्तराजवळ म्हणींची टंचाई कधीच नसते. म्हटले, “अगं, दगडापेक्षा वीट मऊ!”

क्षणभर तिकडे शांतता. मग ती म्हणाली, “वीट किती मऊ असते, ते ज्याच्या डोक्यात ती बसली त्याला विचार. आणि मामा, तुझ्या कादंबरीत असं बोलणाऱ्या माणसाचं तू काय करतोस?”

मी गप्प झालो. माझ्या पहिल्याच कादंबरीतला हेडमास्तर संस्थाचालकांशी जुळवून घेतो. त्या अपराधाबद्दल मी त्याला अर्धांगवायूने अंथरुणाला खिळविले होते. आणि हे लिहिणारा मास्तर? वरिष्ठांच्या ‘हो’ला ‘हो’ म्हणत तो वर्षानुवर्षे पगार घेत आला होता. माझा सारा ध्येयवाद पुठ्ठ्याच्या बांधणीत सुरक्षित होता. २०१६ चे माझे पत्रही त्याच जातीचे. कोऱ्या जागेची किंमत मला मोजायची नव्हती, म्हणून तर तिचे इतके कौतुक मला परवडले.

“मला सांगता येत नाही,” मी म्हणालो. बहुधा आयुष्यात प्रथमच मी भाचीला खरे उत्तर दिले.

चार दिवसांनी तिचा निरोप आला. “वर्तुळ भरलं. सही केली. आनंद झाला नाही.” आणि खाली आणखी दोन ओळी होत्या : “मला वाटायचं, मत म्हणजे वरमाला. तसं नसतं. पुढची चार वर्षं कुणाशी भांडायचं ते आपण ठरवतो. ज्याच्याशी भांडता येईल असा माणूस मी निवडला.”

बायडन जिंकले. मिशिगनमध्ये दीड लाखाहून अधिक मतांनी. त्या साली दिवाळी निकालानंतर आठवड्याने आली. बहिणीने बेसनाचे लाडू वळले. भाचीने दोन खाल्ले, हात धुतले आणि आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहायला बसली!

इथे ही गोष्ट संपती तर मला ती शाळेत सांगता आली असती. पण भांडण मिटले नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये हवामानबदलाशी झुंजण्यासाठी मोठा पैसा देणारा कायदा झाला, तेव्हा ती “अर्धीच भाकरी, पण भाकरी” म्हणाली. पुढे गाझातले युद्ध आले. फेब्रुवारी २०२४ मधल्या पक्षांतर्गत मतदानात ‘कुणाशीही बांधील नाही’ असे एक वर्तुळ होते. ते भरून मिशिगनमधल्या एक लाखाहून अधिक लोकांनी बायडन यांच्यावरचा रोष कागदावर उमटविला. भाची त्यांतलीच. जुलैत बायडन शर्यतीतून बाजूला झाले, कमला हॅरिस आल्या. नोव्हेंबरमध्ये भाचीने त्यांच्या नावापुढचे वर्तुळ भरले. तशाच जड हाताने.

तिच्या डिअरबॉर्नच्या मैत्रिणीने मात्र ते कोरे ठेवले. त्या मैत्रिणीचे नातलग लेबनॉनमध्ये आहेत.

“तिला दगड आणि वीट सांगायला माझी जीभ रेटली नाही, मामा,” भाची म्हणाली. हॅरिस मिशिगन सुमारे ८० हजार मतांनी हरल्या, देशही हरल्या. दोघी मैत्रिणी अजून एकमेकींकडे जेवायला जातात. त्या वर्तुळाचा विषय तेवढा काढत नाहीत.

आपण वाचक आणि लेखक फार निर्दय असतो. ज्याने मान तुकविली नाही तो वीर. ज्याने तुकविली तो विकला गेला. पण मन जड असताना मत देणारा, आणि दिल्यानंतरही मनाचा जडपणा फेकून न देणारा माणूस या दोन्ही रकान्यांत बसत नाही. त्याला कुणी हार घालीत नाही. स्वतःचे लोक त्याच्याकडे संशयाने पाहतात, आणि ज्यांना त्याने मत दिले ते त्याला गृहीत धरतात. तरीही निकालाच्या दुसऱ्या दिवशी पत्र लिहायला बसतो तो तोच.

सध्या मी एक नवी कादंबरी लिहीत आहे. तिच्यातही एक तडजोड करणारा मास्तर आहे. टिपणवहीत बाराव्या प्रकरणापुढे ‘याचा शेवट’ असे मी पूर्वीच लिहून ठेवले होते. परवा दिवाळीची साफसफाई करताना ती वही सापडली, आणि ती ओळ मी खोडून टाकली. मास्तर जगणार आहे.

त्याला झोप मात्र मी अजून येऊ दिलेली नाही.