घाव तिजोरीवर हवा

केन सारो-वीवा या नायजेरियन लेखकाला १० नोव्हेंबर १९९५ रोजी पोर्ट हारकोर्टच्या तुरुंगात फाशी दिली. त्याच्याबरोबर आणखी आठ जण फासावर गेले. ओगोनी लोकांच्या शेतांत आणि ओढ्यांत सांडणाऱ्या खनिज तेलाविरुद्ध त्याने माणसं उभी केली होती. जानेवारी १९९३मध्ये जवळपास तीन लाख ओगोनी रस्त्यावर उतरले होते. जनरल सानी अबाचाच्या लष्करी राजवटीने त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवला आणि स्वतः नेमलेल्या न्यायासनापुढे खटला उरकला. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रकुलाने नायजेरियाला निलंबित केलं. नेल्सन मंडेलांनी तेलबंदीची मागणी केली. तेलाची जहाजं मात्र जात राहिली.

लातूर जिल्ह्यातल्या औशात बसून नायजेरियाची काळजी कशाला, असं कुणी विचारेल. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा पाण्याविना जगणं काय असतं ते या जिल्ह्याने भोगलं. ओगोनींच्या विहिरींत पाणी होतं. पण संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०११चा अहवाल सांगतो, की एका गावच्या पिण्याच्या पाण्यात बेंझिन मर्यादेच्या नऊशे पटींहून जास्त निघालं. समोर पाणी असून लेकराच्या तोंडाला लावता येऊ नये, याहून मोठा दुष्काळ कोणता? त्याबद्दल बोलणाऱ्याला फासावर देणं ही कुठल्याही देशाची घरगुती बाब राहत नाही.

अशा राजवटीचं करायचं काय? नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे खरंच. पण नाक कुणाचं दाबायचं, हा कळीचा प्रश्न आहे, आणि आमच्या भागाने त्याची दोन्ही उत्तरं पाहिली आहेत.

औसा पूर्वी निजामाच्या राज्यात होतं. १९४८मध्ये भारताने हैदराबाद संस्थानाची आर्थिक कोंडी केली. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचाच वकील; कोंडीने त्याच्या टोळ्यांचा धुमाकूळ काही थांबला नाही. सामान्य घरांत मात्र मीठ मिळेना. आजी सांगायची, कालवणात मीठ चिमटीने पडायचं आणि उरलेले खडे पोरांच्या हाताला लागू नयेत म्हणून उतरंडीच्या तळच्या मडक्यात ठेवलेले असायचे.

त्याच्या आदल्या वर्षी, ७ ऑगस्ट १९४७ला, स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसने निजामाविरुद्ध लढा पुकारला. गावोगावचे लोक कुऱ्हाडी घेऊन निघाले आणि त्यांनी ओढ्याकाठची शिंदीची झाडं पाडली. खोडाला बांधलेलं मडकं झाडाबरोबर खाली येऊन फुटायचं, रस मातीत जिरायचा. शिंदीवरच्या अबकारीने निजामाचा खजिना भरत होता. तोडलेल्या झाडांचं आज वाईट वाटतं. शिंदी काढून पोट भरणाऱ्यांनाही झळ लागलीच असेल. पण सरकार कशावर पोसलंय, हे त्या लोकांनी नेमकं ओळखलं होतं. मीठ अडवलं की गरिबाचं ताट अळणी होतं. शिंदी अडवली की खजिना आटतो.

अबाचाची शिंदी म्हणजे तेल. देशाच्या निर्यातीचं नव्वद टक्क्यांहून जास्त उत्पन्न त्यातून यायचं. त्याने परदेशी बँकांत दडवलेला पैसा परत मिळवायला पुढे कित्येक वर्षं लागली. त्या तेलावर बंदी आली असती, तर घाव थेट तिजोरीवर बसला असता. गिऱ्हाईक देशांनी आपली सोय पाहिली.

अशी बंदी भारताला परवडणारी नाही, असं म्हणणाऱ्यांनी १९४६ साल आठवावं. स्वातंत्र्य मिळायचं होतं, तरी भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. वंशभेदावरून असं पाऊल उचलणारा तो पहिला देश. निर्यातीतला पाच टक्क्यांहून अधिक वाटा त्यापायी सोडला. बड्या देशांना तिथवर यायला चार दशकं लागली.

अर्थात, दुसऱ्याला जाब विचारायचा तर आपलं अंगणही झाडायला हवं. कोकणातल्या बारसूच्या रिफायनरीविरोधी लढ्याच्या बातम्या देणारे पत्रकार शशिकांत वारिशे २०२३मध्ये राजापूरजवळ गाडीखाली चिरडले गेले. त्या मृत्यूचा हिशेब आपण इथे तितक्याच ठामपणे मागितला पाहिजे.

माझं मागणं साधं आहे. नदी, जंगल, विहीर राखणाऱ्यांना जी राजवट कोंडते किंवा संपवते, तिचं तेल, खनिज, लाकूड घेऊ नये. तिच्या राज्यकर्त्यांची परदेशी खाती गोठवावीत, तिला शस्त्रं विकू नयेत. धान्य, मीठ, औषधं मात्र एक दिवसही अडवू नयेत. तेलबंदीमुळे पेट्रोल महागलं, तर ते जास्तीचे पैसे मोजायची तयारी आपण बोलून दाखवावी. म्हणजे आपल्या सरकारलाही कचरायला सबब उरणार नाही.