जुनेर म्हणा की ‘व्हिंटेज’

भीमजयंतीच्या तयारीच्या बैठकीत दिंडोरीतल्या एका तरुण कार्यकर्त्याने मोबाईलवर कॅटलॉग दाखवला. हातमागाचे, उन्हाळ्यासाठी हलके, विटक्या रंगाचे ‘व्हिंटेज’ सदरे. म्हणाला, “यंदा मिरवणुकीत हेच घालू. ते कडक पांढरे सदरे गावठी दिसतात.”

आम्हाला आमचा शाळेतला सदरा आठवला. आई ज्या द्राक्षबागेत छाटणीला जायची, तिथल्या मालकिणीने दिलेला. वर्गात मालकाच्या मुलाने तो ओळखला आणि सर्वांसमोर म्हणाला, “हा माझा आहे.” पुन्हा आम्ही तो अंगाला लावला नाही. आमच्या घरात अशा कपड्याला जुनेर म्हणत.

जुनेर आपल्या वाट्याला योगायोगाने आलेले नाही. मनुस्मृतीच्या 10 व्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांची वस्त्रे वापरावीत असा दंडक आहे. कपडा ही जातीची पाटी होती. म्हणूनच 1927 साली महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत सोडायला सांगितले.

विणण्याचा इतिहासही तोच. विदर्भात कित्येक महार कुटुंबे जाडेभरडे कापड विणत. तरी मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ होई! 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला.

आता विटक्या रंगाचे कौतुक पाहा. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मद्रासच्या हातमागाचे चौकड्यांचे सदरे धुतल्यावर रंग सोडू लागले. तक्रारी आल्या. मग रंग जाण्याचीच हमी देऊन तेच कापड विकले गेले. दोषाचा गुण झाला, कारण घेणाऱ्याला विटक्या सदऱ्यावरून कोणी गरीब ठरवणार नव्हते. ही सवलत आपल्या बापजाद्यांना कधी होती?

मित्रांनो, हातमागाला आमचा विरोध नाही. विणणाऱ्याच्या हाती किती पडले ते विचारा आणि स्वकमाईने खुशाल घ्या. पण उसनवारी करून जयंतीला नवा सदरा घेणाऱ्या बापाला गावठी म्हणू नका.

त्याच वर्षी आईने जयंतीसाठी आम्हाला नवा सदरा शिवून घेतला. कापड जाड होते, एप्रिलच्या उन्हात अंग भाजत होते. मिरवणूक संपेपर्यंत आम्ही वरचे बटणसुद्धा काढले नाही.

जय भीम!